पडक्या मार्केटचं म्युझियम कसं करायचं, गोव्याच्या पावसाचा हिशोब धरून

गोव्यात पालिकेने नवीन मार्केट काँप्लेक्स बांधलं की मागे राहिलेल्या जुन्या बिल्डिंगचं काय करायचं यावर चर्चा सुरू होते. कोण म्हणतो पाडा आणि पार्किंग करा, कोण म्हणतो फूड कोर्ट करा, आणि मग कुणीतरी म्हणतो म्युझियम करूया. ते ऐकून सगळे माना डोलवतात, एक आर्किटेक्ट थ्रीडी चित्र काढून देतो ज्यात चकचकीत फरशी असते आणि पाऊस कुठेच नसतो, पेपरात फोटो येतो, आणि पुढच्या जूनमध्ये छपराचा अजून एक तुकडा खाली येतो. म्युझियम करता येतं, लोकांनी केलेलं आहे, पण कामाचा क्रम उलटा लावला तर पैसे संपतात आणि हातात ते चित्रच राहतं. माझ्या मते क्रम असा: आधी पाणी, मग माणसं, मग वस्तू, आणि चित्र एकदम शेवटी.

गोव्यात जुन्या इमारती म्युझियमला चालत नाहीत असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. रेइश मागूशचा किल्ला इन्टॅक (वारसा जपणारी संस्था) आणि हेलन हॅमलिन ट्रस्टने सरकारबरोबर मिळून दुरुस्त केला, २०१२ पासून उघडा आहे. आग्वादचा तुरुंग दुरुस्त करून डिसेंबर २०२१ मध्ये उघडला. पणजीत मांडवीच्या काठावरची ती निळी कस्टमची इमारत, तिथेही कस्टमचं म्युझियम आहे. उलट राज्य म्युझियमसाठी पाटोवर जी खास इमारत बांधली, १९९६ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते उद्घाटन झालेली, तीच पाव शतकाच्या आत धोकादायक ठरली आणि संग्रह जुन्या सेक्रेटरिएटमध्ये म्हणजे आदिलशाही वाड्यात हलवावा लागला. नव्या बांधकामाची गॅरंटी ही अशी असते.

आता बाजाराचंच म्युझियम म्हटलं तर सध्याचं सगळ्यात मोठं उदाहरण लंडनचं. तिथलं शहराचं म्युझियम १९७६ पासून लंडन वॉल भागात होतं, ते डिसेंबर २०२२ मध्ये बंद केलं आणि स्मिथफील्डच्या घाऊक मांसबाजाराशेजारच्या रिकाम्या इमारतींत न्यायचं ठरवलं, २०२४ मध्ये नावही बदलून लंडन म्युझियम केलं. मुख्य इमारती दोन. एक जनरल मार्केट, १८८३ चं, होरेस जोन्सने केलेलं, पुढे टॉवर ब्रिजचं डिझाइन करणारा तो हाच. दुसरं पोल्ट्री मार्केट, त्याची जुनी इमारत १९५८ च्या आगीत गेली, दोन फायरमन मेले त्यात, मग १९६३ मध्ये तिथे पातळ काँक्रीटच्या भल्या मोठ्या घुमटाची नवी इमारत आली. म्हणजे शेजारी शेजारी दोन वेगळ्या काळातल्या इमारती, एक लोखंड आणि विटांची, एक काँक्रीटची. आपल्याकडेही तसंच आहे बघा, एका बाजूला चिऱ्याच्या म्हणजे जांभ्या दगडाच्या भिंती आणि मंगळुरी कौलं, दुसऱ्या बाजूला मुक्तीच्या आगेमागे बांधलेली काँक्रीटची शेड, आणि दोघांचे रोग वेगळे, त्यामुळे औषध पण वेगळं.

कागद

हे थोडक्यात सांगतो कारण यात मजा काही नाही. जागा कोणाची ते बघा: पालिकेची, सरकारची, का कोमुनिदादची (गावाच्या सामायिक जमिनी सांभाळणारी जुनी संस्था). शहरात असेल तर सिटी सर्व्हेचा फॉर्म डी काढा, गावात असेल तर एक-चौदाचा उतारा, आणि जुनं मात्रीझ (पोर्तुगीज काळातली मालमत्ता कराची नोंद) मिळालं तर तेही फाइलला लावा. नदी, खाडी किंवा खाजन (खाडीकाठची बांध घातलेली शेतजमीन) जवळ असेल तर सीआरझेड म्हणजे किनारपट्टीचे नियम लागतात का ते आधी विचारा, नंतर विचारलं की काम अर्ध्यात अडकतं. टाउन अँड कंट्री प्लॅनिंगकडे जागा कॉन्झर्व्हेशन झोनमध्ये आहे का ते बघा, असेल तर कॉन्झर्व्हेशन कमिटीकडे जावं लागतं, आणि नसेल तर इमारतीची नोंद हेरिटेज म्हणून करून घ्यायचा अर्ज पहिल्याच दिवशी टाका. ही नोंद का महत्त्वाची ते स्मिथफील्डवरून कळतं. जनरल मार्केट कित्येक वर्षं रिकामं पडलेलं, तिथे ऑफिसं काढायचे प्रस्ताव आले, दोनदा पब्लिक इन्क्वायरी झाली, २००८ मध्ये नकार आणि परत २०१४ मध्ये नकार. लोक भांडले म्हणून इमारत राहिली, म्युझियमचा विषय त्याच्यानंतरचा. आपल्याकडे भांडायला कागद नसेल तर एका रविवारी जेसीबी येतो आणि सोमवारी विषय संपलेला असतो.

पाणी, आणि त्याच्यामागून येणारं मीठ

वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या जागेत इमारतीची पाहणी जानेवारीत करायची म्हणजे पेशंट बरा असताना ताप बघायचा. पाहणी जूनमध्ये करा. जोराचा पाऊस चालू असताना आत जा, खडू घ्या, भिंतीवर जिथे जिथे ओल दिसते तिच्या कडेने रेघ मारा आणि बाजूला तारीख लिहा, परत जुलैमध्ये त्याच जागा बघा, परत सप्टेंबरमध्ये. रेघ वरून खाली वाढत गेली तर कौलं नाहीतर पन्हळी, खालून वर चढली तर जमिनीतली ओल, आणि मधेच एखादा गोल डाग असेल तर समजा आत कुठेतरी जुना पाइप आहे. लोखंडी खांब असतील तर ते पोकळ आहेत का बघा, कारण जुन्या बाजारांत कधी कधी पन्हळीचं पाणी खांबाच्या आतूनच खाली सोडलेलं असतं, बाहेरून रंग छान आणि आतून गंजून पापुद्रे.

छपरावर पहिला खर्च करा. पूर्ण रिस्टोरेशनचे पैसे मिळायला वर्षं जातात, तोपर्यंत निदान फुटकी कौलं बदला, पन्हळी मोकळ्या करा, जिथे छप्परच नाही तिथे बांबू किंवा पाइपचा सांगाडा घालून वर पत्रे टाका. निळी ताडपत्री एका पावसात फाटते, त्यावर विसंबू नका. वासे आणि कैच्या तपासायला मोठी मशीन लागत नाही, एक टोकदार स्क्रू ड्रायव्हर घ्या आणि वासा जिथे भिंतीत शिरतो तिथे टोचून बघा, तिथेच वाळवी आणि कूज पहिली लागते कारण ओल तिथे अडकते. मधला वासा ठणठणीत आणि टोक पीठ, असं खूप ठिकाणी सापडतं. तेवढं टोक कापून नवं लाकूड जोडता येतं, अख्खं छप्पर उतरवून लोखंडी ट्रस टाकायची गरज बहुतेक वेळा नसते, पण कॉन्ट्रॅक्टरला लोखंडी ट्रस सोपं पडतं म्हणून तो तेच सांगणार.

भिंतींचं मात्र नीट समजून घ्या, कारण आपल्या जुन्या मार्केटांचा अर्धा सत्यानाश दुरुस्तीनेच केलेला आहे. चिरा हा सच्छिद्र दगड, तो पाणी पितो आणि ऊन पडलं की सोडतो, चुन्याचा गिलावा त्याला हे करू देतो. मग कधीतरी ओल दिसली म्हणून कुणीतरी सिमेंटने प्लास्टर केलं आणि वरून ऑइलपेंट मारला. आता पाणी आत येतं, ते येतच राहणार, पण बाहेर जायला वाट नाही, मग ते प्लास्टरच्या मागे चिऱ्यात साठतं. मार्केटमध्ये अजून एक भानगड असते ती म्हणजे मीठ. मासळीच्या विभागात वर्षानुवर्षं मीठ, बर्फाचं पाणी, खाऱ्या माशांच्या टोपल्या, रोज धुतलेली फरशी, हे सगळं भिंतीच्या पायात मुरलेलं असतं. हवा कोरडी झाली की मिठाचे खडे बनतात, पावसाळ्यात विरघळतात, परत बनतात, आणि दर वेळी दगडाचा थोडा थोडा भुगा करतात. भिंतीला हात लावला की तांबडी पूड हाताला येते ना, ती हीच.

उपाय असा की आधी सिमेंट काढायचं, छिन्नी-हातोडीने हळूहळू, ब्रेकर लावून नाही, कारण ब्रेकरने सिमेंटबरोबर चिऱ्याचा चेहरा पण उतरतो. मग भिंत उघडी ठेवून वाळू द्यायची. दीड-दोन फूट जाडीची भिंत एका उन्हाळ्यात वाळत नाही, तेव्हा ठेकेदार म्हणेल झालं सुकून, तर मॉइश्चर मीटर लावून बघा. मीठ काढायला लेप लावतात: कागदाचा लगदा आणि माती डिस्टिल्ड पाण्यात कालवायची, बोटभर जाडीचा थर भिंतीवर थापायचा, तो वाळत जातो तसं भिंतीतलं मीठ पाण्याबरोबर ओढून घेतो, वाळून कडेने सुटायला लागला की काढून टाकायचा. काढलेला लगदा परत स्वच्छ पाण्यात बुडवून त्या पाण्याची कंडक्टिव्हिटी (वीज किती वाहते ते) मोजली की कळतं किती मीठ आलं, आकडा खाली येईपर्यंत परत परत लावायचा. कंटाळवाणं काम आहे, पण हे सोडून वरून नवा गिलावा केला तर दोन पावसांत तो फुगणार.

नवा गिलावा चुन्याचाच, एक भाग चुना आणि साधारण तीन भाग वाळू, वाळू खारी नको, पातळ थरांत, आणि पोती ओली करून काही दिवस झाकून ठेवायचा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो, भिंत पाण्याने भरलेली असेल तर तो होत नाही, म्हणून हे काम नोव्हेंबर ते एप्रिल. टेंडर मार्चमध्ये काढून वर्क ऑर्डर मेमध्ये देणारे महाभाग आहेत, त्यांना कोणी हे सांगत नाही. रंग पण चुन्याचाच द्या. प्लास्टिक इमल्शन दिलंत तर परत रेनकोट घातलात भिंतीला.

काँक्रीटची शेड असेल तर वेगळा हिशोब. समुद्राची खारी हवा आणि जुनं काँक्रीट, आतलं लोखंड गंजून फुगतं आणि वरचा थर खपल्यांसारखा पडतो. एक साधी टेस्ट सांगतो. कडेचा छोटा तुकडा ताजा फोडा आणि त्यावर फिनॉल्फ्थॅलीनचं पाणी फवारा, जिथे चांगलं आहे तिथे लगेच गुलाबी होतं, जिथे रंगच येत नाही तिथे काँक्रीटचा अल्कलीपणा गेलेला आहे आणि लोखंडाचं संरक्षण संपलंय. रंग न आलेला पट्टा सळईपर्यंत पोचलाय का ते बघा. खारेपणाची क्लोराइड टेस्ट लॅबमध्ये वेगळी करावी लागते, ती पण करा. हे केल्याशिवाय कुणी इंजिनियर नुसता बघून पाडा म्हणाला तर त्याला रिपोर्ट मागा.

तळघर खणायचा मोह टाळा. एक तर पणजीसारख्या ठिकाणी जमिनीखाली थोड्यावरच पाणी आहे, आणि दुसरं, जुन्या बाजाराखाली काय निघेल ते सांगता येत नाही. बार्सिलोनातला बॉर्न बाजार बघा, १८७६ चा लोखंडी बाजार, १९७१ मध्ये बंद पडला, तिथे लायब्ररी करायची म्हणून खणलं तर खाली १७१४ च्या वेढ्यानंतर पाडलेल्या वस्तीच्या गल्ल्या आणि घरांचे पाये निघाले. लायब्ररी बारगळली, शेवटी २०१३ मध्ये ते अवशेषच मध्ये ठेवून वर बाजाराचं छप्पर अशी जागा उघडली. म्हणून गटारासाठी का होईना खणायचं असेल तर आधी दोन-तीन ठिकाणी छोटे खड्डे घेऊन पुरातत्त्व खात्याच्या माणसाला दाखवा.

बाजारातली माणसं

आता खरी गोष्ट. बिल्डिंग पडीक असते पण रिकामी क्वचितच असते. व्हरांड्यात चार फुलवाल्या असतात, एका कोपऱ्यात विळ्या-कोयत्यांना धार लावणारा असतो, मागच्या गाळ्यात कुणीतरी कांदे साठवलेले असतात, आणि पहाटे पायरीवर मासळीवाल्या बसतात कारण नव्या काँप्लेक्समध्ये वरच्या मजल्यावर गिऱ्हाईक चढत नाही. म्युझियमचं काम निघालं की पहिली नोटीस यांना जाते. मग यांना उठवायचं आणि दोन वर्षांनी आत यांचेच फायबरचे पुतळे करून बसवायचे, डोक्यावर टोपली, कमरेला काष्टी, बाजूला स्पीकरमधून बाजाराचा गोंगाट. असली म्युझियमं मी पाहिलीत, लाज वाटते.

म्हणून आर्किटेक्टच्या आधी विक्रेत्यांची यादी करा. कोण, कुठे बसतं, किती वाजता येतं, किती वाजता जातं, काय विकतं, जागा आधी कोणाची होती, सोपो (बाजारात बसायची पालिकेची फी) किती भरतं, पावती आहे का. २०१४ च्या रस्त्यावरच्या विक्रेत्यांच्या कायद्यात सर्व्हे आणि टाउन व्हेंडिंग कमिटी आहे, त्या कमिटीत निदान ४० टक्के विक्रेत्यांचे प्रतिनिधी असायला लागतात आणि त्यातही एक तृतीयांश बायका, तेव्हा तुमच्या पालिकेत कमिटी कागदावर तरी आहे का ते विचारा आणि तिच्यासमोर हा विषय ठेवा. काम चालू असताना त्यांना जवळच बसायची तात्पुरती शेड द्या, त्याच रस्त्यावर, कारण दोन गल्ल्या पलीकडे नेलं की रोजचं गिऱ्हाईक तुटतं. आणि म्युझियम झाल्यावर परत येणार का, कुठे, किती भाड्याने, हे लिहून द्या. तोंडी आश्वासनावर मार्केटातल्या कुणाचाच विश्वास नाही, आणि बरोबर आहे त्यांचं.

माझं मत विचाराल तर इमारतीची एक आळी सकाळपुरती खऱ्या धंद्याला ठेवावी. दहा-अकरापर्यंत भाजी, फुलं, पाव, सुकी मासळी, मग धुऊन काढायचं आणि दुपारी तीच आळी म्युझियमची. ओली मासळी आत नको, वास आणि मीठ दोन्ही परत येतात, तिला बाहेर वेगळा ओटा, वेगळं गटार. मेमध्ये पुरुमेंताच्या म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या वेळी मिरच्या, सोलं, मीठ, खारं घेऊन लोक येतात तेव्हा पूर्ण हॉल आठवडाभर त्यांना देऊन टाका, तेवढे दिवस म्युझियमचं तिकीटच लावू नका. क्युरेटर नाक मुरडतील, मुरडू दे.

ऐकून घेणं पण याच वेळी करायचं, लोक पांगायच्या आधी. माईक घेऊन जाऊन तुमच्या आठवणी सांगा म्हटलं की समोरची बाय हसते आणि म्हणते आता काय सांगू, भाजी घेणार तर घे. सरळ धंद्याचं विचारा. ही जागा तुम्हाला कोणाकडून मिळाली? पहाटे पहिली बस कुठली यायची? उधारी कशी लिहायचात? ब्लॉकेडच्या (मुक्तीआधी भारताने केलेल्या नाकेबंदीच्या) वेळी काय मिळत नव्हतं? एस्कुद (पोर्तुगीज चलन) आले तेव्हा जुन्या रुपयांचं काय केलं? हे शेवटचं विचारलं की ऐंशीच्या पुढचा माणूस एकदम सरळ होऊन बसतो, कारण सहा एस्कुदांना एक रुपया असा बदल होता आणि तीन वर्षांत मुक्ती झाली की परत दुसरा रुपया, एवढ्यात कुणाचा फायदा झाला आणि कुणाचं नुकसान ते त्याला अजून पाठ असतं. कोकणीत बोलले तर कोकणीत घ्या, कन्नड बोलणाऱ्या कांकणवाल्या असतील तर कन्नड येणारा माणूस न्या. परवानगी सहीने किंवा रेकॉर्डिंगमध्येच तोंडी घ्या, फाइल तीन ठिकाणी ठेवा, एक तरी दुसऱ्या इमारतीत.

वस्तू

वस्तू कुठून आणायच्या म्हणून लोक घाबरतात आणि मग जिथे तिथे मिळणारी तीच तांब्याची घंगाळं आणि ग्रामोफोन विकत आणतात. ते करू नका. तुमचा पहिला संग्रह बिल्डिंगमध्येच पडलेला आहे: भिंतीवर रंगवलेले गाळ्यांचे नंबर, कसाई विभागातले आकडे, दगडी ओट्यांवर वर्षानुवर्षं सुरी मारून पडलेल्या खाचा, पोर्तुगीजमधल्या अर्धवट पुसलेल्या पाट्या, वजनं, तराजू, कुडव. रंगकाम सुरू व्हायच्या आधी प्रत्येक गाळ्याचा नंबरासकट फोटो काढून घ्या, नाहीतर पेंटर पहिल्याच दिवशी घासून टाकेल. स्मिथफील्डच्या लोकांनी पण इमारतीच्या अंगावरच्या खुणांनाच पुढे आणलंय, तिथे खालून थेम्सलिंकची लोकल जाते, ती लपवण्याऐवजी आतूनच दिसेल अशी सोय केली. लंडन म्युझियमकडे सत्तर लाखांहून जास्त वस्तू आहेत आणि तरी त्यांना गाडी दाखवावीशी वाटली.

दुसरा संग्रह पालिकेच्या कपाटात. सोपोच्या पावत्यांची पुस्तकं, गाळ्यांचे लिलाव, मंजूर झालेल्या आणि न झालेल्या अर्जांच्या फायली. एका पालिकेत हे सगळं जिन्याखाली गोणीत भरून ठेवलेलं मी बघितलं, वर फिनेलच्या बाटल्या. कागद ओला असेल तर उन्हात टाकू नका, पंख्याखाली सावलीत वाळवा, कीड असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून बंद करा आणि उणे वीस डिग्रीच्या डीप फ्रीजरमध्ये आठवडा-दोन आठवडे ठेवा, मासळी साठवायच्या फ्रीजरमध्ये हे होतं, फक्त मासळी आधी काढा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, आतलं गार असतं तोवर बाहेरची वाफ कागदावर बसते. पोर्तुगीज काळातल्या जुन्या नोंदी पणजीच्या पुराभिलेखात मिळतात का बघा, ते १५९५ पासूनचं दप्तर आहे.

लोक वस्तू देतात तेव्हा रजिस्टर लागतं. नंबर, वस्तू काय, कोणी दिली, कधी, कायमची दिली का उसनी, सही. उसनी वस्तू शक्यतो घेऊच नका, दहा वर्षांनी नातू येतो आणि भांडण होतं. नंबर वस्तूवर लिहायचा तो मार्करने नाही, आधी पॅरालॉइड बी-७२ (वॉर्निशसारखं पारदर्शक रसायन) चा पातळ थर, त्यावर शाईने बारीक नंबर, वर परत एक थर, म्हणजे पुसत नाही आणि काढायचा झाला तर अॅसिटोनने निघतो. कापडाला पट्टी शिवा. शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती वगैरे कोणी आणून दिल्या तर १९७२ चा पुरावस्तू कायदा लागतो, त्याची नोंदणी आधी, फोटोसेशन नंतर.

मांडणी

इथे एकच सल्ला देतो आणि तो महत्त्वाचा आहे. अख्ख्या हॉलला एसी लावू नका. बाजार उघडा असतो, वरून उजेड, बाजूने वारा, छप्पर उंच, तो तसाच राहू दे. एवढी मोठी जागा थंड ठेवायची म्हणजे विजेचं बिल पालिकेला दुसऱ्या वर्षी जड होणार, मग एसी दिवसा चालू रात्री बंद, आणि आर्द्रता अशी रोज वर-खाली झाली की वस्तूंचं जे नुकसान होतं ते नुसत्या उकाड्याने होत नाही. मोकळ्या हॉलमध्ये दगड, जाड लाकूड, तराजू, होडी, गाडा असल्या दणकट गोष्टी ठेवा, लोखंडाला मेणाचा हात मारून. आणि कागद, कापड, फोटो, चित्रं यांच्यासाठी हॉलच्या आत एक बंद खोली बांधा, जुन्या भिंतींना न चिकटणारी, स्वतःच्या पायावर उभी, तिला मात्र चांगलं इन्सुलेशन आणि डीह्युमिडिफायर. आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांत ठेवायचा प्रयत्न करा, ६५ च्या वर गेली की बुरशी. कागद आणि कापडावर उजेड ५० लक्सपेक्षा जास्त नको. लाइट जाते हे गृहीत धरा, शोकेस घट्ट बंद होणाऱ्या घ्या आणि खाली सिलिका जेलचा खण ठेवा, म्हणजे लाइट गेली तरी काही तास आतली हवा बदलत नाही.

कबुतरांचा बंदोबस्त जाळीने करा, पण जाळी आतून नीट ताणून, नाहीतर अडकून मरतात आणि ते अजून वाईट. त्यांची विष्ठा दगडाला आणि लोखंडाला खाते. लंडनवाल्यांनी मात्र २०२४ मध्ये आपला लोगोच कबुतराचा केला, पांढरं कबुतर आणि खाली त्याची सोनेरी विष्ठा. आपल्याकडे असला लोगो पालिकेच्या मीटिंगमध्ये पास होईल का, मला शंका आहे.

रॅम्प, टॉयलेट, आगीची व्यवस्था हे सगळं नियमात आहे ते करायचंच, फक्त टॉयलेट विक्रेत्यांना पण मोकळं ठेवा. टॉयलेटला कुलूप आणि चावी तिकीटवाल्याकडे, असली पद्धत नको.

चालवणार कोण

बांधायला पैसे मिळतात, चालवायला मिळत नाहीत, हे गोव्यात सगळ्यांना माहीत आहे. फीत कापून झाल्यावर माणूस नेमलेला नसतो. मुंबईत भाऊ दाजी लाड म्युझियमला महापालिका, इन्टॅक आणि जमनालाल बजाज फाउंडेशन असा तिघांचा करार २००३ मध्ये झाला, इमारत पालिकेचीच राहिली, चालवायला वेगळा ट्रस्ट, २००८ मध्ये म्युझियम परत उघडलं. आपल्याकडे छोट्या प्रमाणात हे जमू शकतं, फक्त ट्रस्टमध्ये मार्केटच्या दोन विक्रेत्यांना मतासकट बसवा. पगार किती जणांचा, वीज किती, दर वर्षी छपराला किती, हा आकडा आधी काढा आणि पाच वर्षांची सोय दिसल्याशिवाय टेंडर काढू नका. जमत नसेल तर छोटं करा. एक आळी, एक बंद खोली, बाकी इमारत फक्त कोरडी आणि सुरक्षित ठेवून दिली तरी चालेल. लंडनने पण दोन्ही इमारती एकदम उघडायचं ठरवलं नाही, आधी जनरल मार्केट, पोल्ट्री मार्केट त्यानंतर.

आणि देखभालीचं वेळापत्रक करारातच घाला. एप्रिलमध्ये कौलं सारखी करायची, मेच्या पंधरा तारखेपर्यंत पन्हळी आणि गटारं साफ, पावसाळ्यात दर आठवड्याला कुणीतरी वर चढून पानं काढायची, ऑक्टोबरमध्ये वाळवीची तपासणी, नोव्हेंबरमध्ये चुन्याची दुरुस्ती. गटाराची जाळी काढून साफ करणं हे काम वेगळं लिहा, कोणाचं ते नावाच्या पोस्टसकट, कारण सफाई कामगार म्हणणार ते म्युझियमचं, म्युझियम म्हणणार ते पालिकेचं, आणि फाइल फिरत असताना जून लागतो.